रेक्स ई. ली: सरकारचे वकील ते विद्यापीठाचे अध्यक्ष – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायद्याचे विद्यार्थी, अमेरिकेत शिकायला निघालेली मुलं आणि त्यांचे पालक यांच्याकडून रेक्स ली यांच्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकाच मुद्द्याचं उत्तर दोनदा दिलेलं नाही. जिथे संबंध येतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रेक्स ली कोण होते? थोडक्यात सांगा.

रेक्स एडविन ली (२७ फेब्रुवारी १९३५ – ११ मार्च १९९६) हे अमेरिकेतले घटनात्मक कायद्याचे नामवंत वकील. जन्म लॉस एंजेलिसचा, बालपण ॲरिझोनातल्या सेंट जॉन्स या लहानशा गावात गेलं. ली मॉर्मन पंथाचे. त्याच पंथाच्या चर्चच्या मालकीच्या, युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे ते पहिले अधिष्ठाता होते. १९८१ ते १९८५ या काळात राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारचे सॉलिसिटर जनरल (सर्वोच्च न्यायालयातले सरकारचे वकील, पाहा प्रश्न ५) आणि १ जुलै १९८९ ते १९९५ अखेर त्याच विद्यापीठाचे दहावे अध्यक्ष. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांनी एकूण ५९ प्रकरणांत तोंडी युक्तिवाद केला. पुष्कळ चांगल्या वकिलांच्या वाट्याला तिथे आयुष्यात एकदाही उभं राहणं येत नाही, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं.

२. मॉर्मन म्हणजे ख्रिस्तीच ना? मग वेगळं नाव कशाला?

ते स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी हा पंथ स्थापन केला. बायबलच्या जोडीला ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्यांचा धर्मग्रंथ, त्यावरून लोकांनी दिलेलं हे नाव. अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. २०१८ पासून चर्चचा आग्रह आहे की मॉर्मन हे टोपणनाव वापरू नये. ली यांच्या हयातीत मात्र ते सर्रास वापरात होतं, म्हणून इथेही ठेवलं आहे.

ली यांचं आयुष्य समजायला दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, तरुणांनी काही काळ स्वखर्चाने धर्मप्रचाराला जायचं. ली मेक्सिकोत गेले होते. दुसरी, उत्पन्नाचा दशांश चर्चला द्यायचा. या दशांशातूनच विद्यापीठाचा मोठा खर्च चालतो, त्याचा परिणाम प्रश्न ११ मध्ये येईल.

३. त्यांचं शिक्षण कुठे झालं? वकिलीची सुरुवात कशी झाली?

१९६० साली ब्रिगहॅम यंगमधून पदवी. तिथे ते विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष होते. मग शिकागो विद्यापीठात कायदा, १९६३ साली वर्गात पहिले. लगेच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांच्याकडे एक वर्ष लॉ क्लर्क.

आपल्याकडे ‘क्लर्क’ म्हटलं की कारकून डोळ्यांपुढे येतो, पण हे काम तसं नाही. आलेल्या याचिकांचे सारांश काढायचे, कायद्याचा शोध घ्यायचा, निकालाच्या मसुद्यावर न्यायमूर्तींबरोबर बसायचं, हे सगळं त्यात येतं. देशभरातून दरवर्षी मोजक्याच पदवीधरांना ही संधी मिळते. न्यायाधीशाला वकिलाच्या बोलण्यातलं नेमकं काय उपयोगी पडतं आणि काय वाया जातं, हे तिथे आतून दिसतं. पुढे ली ज्या मोकळेपणाने त्या न्यायालयात बोलत, त्याचं मूळ याच वर्षात आहे असं आम्हाला वाटतं.

नंतर फीनिक्समधल्या जेनिंग्ज, स्ट्राउस अँड सालमन या वकिली संस्थेत त्यांनी काही वर्षं काम केलं. व्हाइट यांचं नाव प्रश्न ७ मध्ये पुन्हा येणार आहे.

४. नवं विधी महाविद्यालय शून्यातून उभं केलं म्हणजे नेमकं काय केलं?

विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष डॅलिन ओक्स स्वतः शिकागोचे कायद्याचे प्राध्यापक. १९७१ साली महाविद्यालयाची घोषणा झाली आणि अधिष्ठाता म्हणून ३६ वर्षांच्या ली यांची निवड झाली. पहिला वर्ग बसायला १९७३ उजाडलं. मधल्या दोन वर्षांत प्राध्यापक मिळवायचे होते, ग्रंथालय उभारायचं होतं आणि विद्यार्थी गोळा करायचे होते.

सगळ्यात अवघड होते विद्यार्थी. अमेरिकेत बहुतेक राज्यांत वकिलीच्या परीक्षेला बसायचं तर अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या संस्थेची पदवी लागते, आणि ही मान्यता महाविद्यालय सुरू झाल्यावरच मिळते, तीही आधी तात्पुरती. म्हणजे पहिल्या तुकडीने मान्यता नसलेल्या ठिकाणी तीन वर्षं पणाला लावायची! दुसऱ्या नामांकित विद्यापीठांत सहज प्रवेश मिळाला असता अशा मुलांना ली यांनी हे पटवलं. प्राध्यापकांचंही तसंच. कार्ल हॉकिन्स मिशिगनसारखं विद्यापीठ सोडून आले.

इमारत तयार नव्हती, म्हणून सुरुवातीचे वर्ग विद्यापीठाच्या गावातल्या, म्हणजे प्रोव्होतल्या, एका जुन्या कॅथलिक शाळेत भरले. मॉर्मन विद्यापीठाचं विधी महाविद्यालय कॅथलिक शाळेच्या बाकांवर सुरू झालं, हे त्या गावातले लोक अजून कौतुकाने सांगतात. नवी इमारत १९७५ मध्ये झाली. महाविद्यालयाला जे. रूबेन क्लार्क यांचं नाव आहे. तेही मॉर्मन वकील, मेक्सिकोतले अमेरिकेचे राजदूत आणि नंतर चर्चचे वरिष्ठ नेते.

ली १९८१ पर्यंत अधिष्ठाता होते. मधे १९७५ पासून काही काळ रजा घेऊन ते वॉशिंग्टनला न्याय खात्याच्या दिवाणी विभागाचे प्रमुख होते. तेव्हा कारभार हॉकिन्स यांनी पाहिला.

५. सॉलिसिटर जनरल म्हणजे आपल्याकडचाच सॉलिसिटर जनरल ना?

नाव तेच, जागा वेगळी. भारतात राज्यघटनेच्या कलम ७६ नुसार ॲटर्नी जनरल, म्हणजे महान्यायवादी, हा सरकारचा पहिला वकील. सॉलिसिटर जनरल त्याच्या खालोखाल. कायदा मंत्री हा निराळा माणूस. अमेरिकेत ॲटर्नी जनरल हाच न्याय खात्याचा मंत्री असतो आणि तो न्यायालयात क्वचितच उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडायची जबाबदारी सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयाची.

त्याची खरी ताकद बोलण्यापेक्षा नकार देण्यात आहे. एखादं सरकारी खातं खालच्या न्यायालयात हरलं, तर ते आपल्या मनाने वरपर्यंत जाऊ शकत नाही (मोजके अपवाद सोडून). खात्याचं टिपण येतं, न्याय खात्याचा संबंधित विभाग शिफारस करतो, सॉलिसिटर जनरलचे सहायक आणि उपप्रमुख आपापलं मत लिहितात आणि शेवटचा निर्णय तो एकटा घेतो. बरीचशी प्रकरणं इथेच थांबतात. म्हणूनच जी वर जातात त्यांच्याकडे न्यायालय गांभीर्याने पाहतं आणि सरकारच्या याचिका इतरांच्या मानाने कितीतरी अधिक प्रमाणात दाखल करून घेतं. हा विश्वास एकदा राजकारणासाठी खर्च केला की परत मिळवणं कठीण. ली यांची सगळी कारकीर्द या एका वाक्यापाशी येऊन थांबते (पाहा प्रश्न ८).

६. प्रत्यक्ष युक्तिवादाचा दिवस कसा असतो?

त्या काळात दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३० मिनिटं. आपल्या सर्वोच्च न्यायालयात मोठ्या प्रकरणाची सुनावणी कित्येक दिवस चालते, तसं तिथे नाही. सविस्तर म्हणणं आधीच लेखी निवेदनात दिलेलं असतं. अर्धा तास असतो तो मुख्यतः प्रश्नांना उत्तरं देण्यासाठी.

सॉलिसिटर जनरल जुन्या रिवाजाप्रमाणे मॉर्निंग कोट घालून येतो. वकिलांच्या टेबलावर पांढऱ्या पिसांच्या लेखण्या मांडून ठेवलेल्या असतात. लिहायला नव्हे, आठवण म्हणून घरी न्यायला. भाषणाचा चौथरा न्यायासनाच्या इतका जवळ की न्यायमूर्तींच्या चेहऱ्यावरची आठी दिसावी. चौथऱ्यावर दोन दिवे. पांढरा लागला की पाच मिनिटं उरली, लाल लागला की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं.

वकील इथे चुकतात ते बहुधा एकाच प्रकारे: पाठ केलेलं भाषण पुरं करायच्या नादात प्रश्न टाळतात. न्यायमूर्तीच्या मनातली अडचण तशीच राहते आणि ती निकालात उतरते. ली प्रश्नाला आधी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत, कारण मागाहून सांगत आणि मग मूळ मुद्द्यावर येत. अभिरूप न्यायालयाच्या (मूट कोर्टच्या) सरावाला बसणाऱ्या मुलांनी एवढी एक गोष्ट उचलली तरी गुण वाढतील.

७. त्यांच्या एका गाजलेल्या खटल्यात भारतीय माणूस होता म्हणतात. खरं आहे का? आणि सरकार त्याच्या विरुद्ध होतं की बाजूने?

खरं आहे. जगदीश राय चढ्ढा यांचा जन्म केनियातला, आई-वडील भारतीय वंशाचे, पासपोर्ट ब्रिटिश. १९६६ साली ते ओहायोत शिकायला आले. १९७२ मध्ये व्हिसा संपला. केनिया घेईना, ब्रिटनही नीट दाद देईना. १९७४ मध्ये स्थलांतर न्यायाधीशाने त्यांची हद्दपारी स्थगित केली. तेव्हाच्या कायद्यात मात्र एक तरतूद होती: संसदेचं कुठलंही एक सभागृह साध्या ठरावाने अशी स्थगिती रद्द करू शकत होतं. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३४० प्रकरणांतून सहा नावं निवडून रद्द केली. त्यांत चढ्ढा होते.

आता दुसरा भाग, ज्यात वाचकांचा हमखास गोंधळ होतो. चढ्ढांना देशाबाहेर काढणं हे स्थलांतर खात्याचं काम, म्हणून कागदोपत्री ते खातं त्यांच्या विरुद्ध. पण ही तरतूदच घटनाबाह्य आहे, हे कार्यकारी शाखेचं मत होतं. त्यामुळे ली खात्याच्या वतीने उभे राहिले ते चढ्ढांच्याच बाजूने, आणि कायद्याचा बचाव करायला संसदेच्या दोन्ही सभागृहांना स्वतःचे वकील पाठवावे लागले.

मुद्दा साधा होता. राज्यघटनेप्रमाणे कायद्याचा परिणाम असलेली कृती दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन राष्ट्राध्यक्षांपुढे जायला हवी. एकट्या सभागृहाला मधल्या वाटेने ती करता येत नाही. प्रकरण दोनदा ऐकलं गेलं. २३ जून १९८३ रोजी ७ विरुद्ध २ असा निकाल लागला. एका विद्यार्थ्याच्या व्हिसावरून सुरू झालेल्या प्रकरणाने जवळजवळ दोनशे कायद्यांतल्या अशा तरतुदी धोक्यात आल्या. हे सगळ्यात जोरकसपणे बजावलं ते मतभेद नोंदवणाऱ्या बायरन व्हाइट यांनी, ज्यांच्याकडे ली यांनी उमेदवारी केली होती. खालच्या न्यायालयात चढ्ढांच्या बाजूने निकाल लिहिणारे न्यायाधीश होते अँथनी केनेडी, जे पुढे स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले.

८. ली परंपरावादी होते, तर परंपरावादीच त्यांच्यावर का चिडले?

गर्भपाताच्या प्रकरणामुळे. ओहायोतल्या ॲक्रन शहराने गर्भपातावर २४ तास थांबण्याची सक्ती आणि इतर अटी घातल्या होत्या. सरकार या खटल्यात पक्षकार नव्हतं. ली न्यायमित्र म्हणून उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की, अट फार जाचक नसेल तर न्यायालयाने विधिमंडळाच्या निर्णयाला मान द्यावा. गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य करणारा १९७३ चा रो निकाल उलटवा, असं मात्र त्यांनी म्हटलं नाही. रो निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी त्यांना तोंडावर विचारलं की, तुम्ही तो निकाल रद्द करायला सांगताय का. ली ‘नाही’ म्हणाले. मग त्यांनी विचारलं, हे निवेदन तुम्ही स्वतः लिहिलंय का. बराचसा भाग माझाच, असं ली यांनी सांगितलं.

१५ जून १९८३ रोजी ६ विरुद्ध ३ ने निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. न्यायमूर्ती ओकॉनर यांच्या मतभेदात मात्र ली यांच्या मांडणीशी मिळतीजुळती कसोटी होती, आणि १९९२ मध्ये न्यायालयाने ‘अवाजवी बोजा’ची कसोटी स्वीकारली, ती २०२२ पर्यंत टिकली.

स्वपक्षीय टीकाकारांचं म्हणणं होतं की राष्ट्राध्यक्षांचं धोरण ली पुरेशा जोराने मांडत नाहीत. गर्भपाताला त्यांचा वैयक्तिक विरोध होता, पण न्यायालय ऐकणारच नाही अशी मागणी दरवेळी पुढे करणं हे त्यांच्या पदाचं काम नव्हे, या मतावर ते ठाम राहिले. आपण सरकारचे वकील आहोत, पत्रकं काढणारे नाही, या अर्थाचं त्यांचं बोलणं प्रसिद्ध आहे. त्यांच्या पाठोपाठ आलेल्या चार्ल्स फ्रीड यांनी १९८५ मध्येच रो उलटवण्याची थेट मागणी केली आणि ती फेटाळली गेली. आमच्या मते इथे ली यांचा हिशेब बरोबर होता.

९. बॉब जोन्स विद्यापीठाच्या प्रकरणात ते का नव्हते?

कारण त्यांनी स्वतःला बाजूला ठेवलं. वांशिक भेदभाव करणाऱ्या धार्मिक शिक्षणसंस्थेला करसवलत द्यायची का, हा तो प्रश्न. आधीच्या वकिलीत याच प्रकारच्या करसवलतीच्या विषयात ली यांनी मॉर्मन चर्चचं काम पाहिलं होतं. त्या चर्चमध्येही १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारलं जात होतं. अशा प्रकरणात सही केली तर ती सरकारसाठी की जुन्या अशिलासाठी, ही शंका राहणारच. त्यामुळे कार्यालयातले अनुभवी उपप्रमुख लॉरेन्स वॉलेस यांनी काम पाहिलं. मे १९८३ मध्ये ८ विरुद्ध १ ने निकाल संस्थेच्या विरुद्ध गेला. ‘रेगन सरकारचं हे प्रकरण ली यांनी लढवलं’ असं कुठे वाचलंत तर ते चूक आहे.

१०. १९८५ मध्ये त्यांना काढलं का?

नाही, ते स्वतःहून बाहेर पडले. टीका होती, पण त्यांनी सांगितलेलं कारण पैशाचं: सात मुलं आणि सरकारी पगार. ते सिडली अँड ऑस्टिन या मोठ्या वकिली संस्थेत गेले आणि जोडीला ब्रिगहॅम यंगमध्ये कायदा शिकवू लागले.

११. विद्यापीठाचे ‘प्रेसिडेंट’ म्हणजे कुलगुरूच ना? नेमतं कोण?

कामाच्या दृष्टीने कुलगुरूच. महाराष्ट्रात राज्यपाल हे सरकारी विद्यापीठांचे कुलपती असतात. तसं पद इथे नाही. विद्यापीठ चर्चच्या मालकीचं आहे. विश्वस्त मंडळ अध्यक्षाची नेमणूक करतं आणि चर्चचे सर्वोच्च नेते त्या मंडळाचे प्रमुख असतात. चर्च दशांशातून मोठा वाटा उचलत असल्याने शुल्क खासगी विद्यापीठाच्या मानाने खूप कमी. सभासद नसलेल्यांना साधारण दुप्पट पडतं, तरीही ते स्वस्तच.

प्रवेशाचा विचार करणाऱ्या मराठी मुलांसाठी: कुठल्याही धर्माचा विद्यार्थी अर्ज करू शकतो, पण आचारसंहितेवर सही करावी लागते. दारू, तंबाखू, विवाहबाह्य शरीरसंबंध वर्ज्य. चहा आणि कॉफीसुद्धा. सही करण्याआधी ती पूर्ण वाचा, कारण ती मोडल्यास प्रवेश जाऊ शकतो.

१२. अध्यक्ष म्हणून त्यांनी काय केलं?

त्यांच्यापुढचा मोठा पेच जागांचा होता. चर्चचे सभासद जगभर वाढत होते, आणि विद्यापीठाची मर्यादा मात्र २७,००० विद्यार्थ्यांच्या आसपास बांधलेली. सभासदांच्या दशांशावर चालणारं विद्यापीठ सभासदांच्याच मुलांना परत पाठवू लागलं. इमारती वाढवायला मंडळाची तयारी नव्हती. ली यांनी दुसरा मार्ग धरला: मुलांनी आठ सत्रांत पदवी पुरी करावी. एकजण दहा-अकरा सत्रं रेंगाळला की मागच्याची जागा अडते, हे ते सभांमधून उघड सांगत. अभ्यासक्रम लांबवणाऱ्या विभागांना हे रुचण्यासारखं नव्हतं.

१३. त्यांच्या काळात प्राध्यापकांच्या स्वातंत्र्यावरून वाद झाला होता ना?

झाला, आणि तो झाकण्यासारखा नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये विद्यापीठाने शैक्षणिक स्वातंत्र्याविषयी निवेदन स्वीकारलं. व्यक्तीचं स्वातंत्र्य मान्य, पण चर्चच्या मूळ शिकवणीवर किंवा नेत्यांवर जाणूनबुजून हल्ला होत असेल तर संस्था मर्यादा घालू शकते, असा त्याचा आशय. १९९३ मध्ये दोन तरुण प्राध्यापकांना पुढे कायम ठेवायला नकार मिळाला. विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. विद्यापीठाचं म्हणणं होतं की, कारण अध्यापन आणि संशोधनाच्या दर्जाचं आहे. टीकाकारांना ते पटलं नाही.

निवेदन लेखी असल्याने नियम काय हे कळत होतं. तो लावायचा कुणी आणि कसा, ही बाजू सैल राहिली, आणि वाद पेटला तो तिथेच. अमेरिकन प्राध्यापक संघटनेने विद्यापीठावर ठपका ठेवला तो १९९८ मध्ये, ली यांच्यानंतर आणि १९९६ च्या वेगळ्या प्रकरणावरून. या दोन गोष्टी एकत्र करू नयेत.

१४. कर्करोग असताना त्यांना अध्यक्ष कसं नेमलं?

१९८७ मध्ये त्यांना लिम्फोमा झाल्याचं कळलं. तोवर ते मॅरेथॉन धावणारे गृहस्थ. कठोर केमोथेरपीनंतर आजार आटोक्यात आला आणि १९८९ ची नेमणूक हे सगळं माहीत असताना झाली. पुढे नसांचा विकार बळावला, चालणं अवघड होत गेलं. अध्यक्ष असतानाही ते सर्वोच्च न्यायालयात अधूनमधून उभे राहत होते. १९९५ अखेर पद सोडलं आणि जेमतेम अडीच महिन्यांनी, वयाच्या ६१ व्या वर्षी ते गेले.

१५. या विद्यापीठाचे अध्यक्ष झालेले ते एकमेव वकील का?

मुळीच नाही. अर्नेस्ट विल्किन्सन (१९५१–१९७१) वॉशिंग्टनमधले वकील. यूट या आदिवासी जमातीला सरकारकडून सुमारे ३.२ कोटी डॉलरची भरपाई मिळवून देणारे. त्यांच्या काळात विद्यार्थीसंख्या पाच हजारांच्या आतून पंचवीस हजारांवर गेली. डॅलिन ओक्स (१९७१–१९८०) सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांचे लॉ क्लर्क होते. पुढे युटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आणि ऑक्टोबर २०२५ पासून चर्चचे सर्वोच्च नेते. केव्हिन वर्थन (२०१४–२०२३) यांनी तर ली यांच्याप्रमाणेच व्हाइट यांच्याकडे काम केलं आणि विधी महाविद्यालयाचं अधिष्ठातापदही सांभाळलं.

१६. सिनेटर माइक ली यांचे ते कोण? आणि सामोआचे गव्हर्नर रेक्स ली हेच का?

युटाचे सिनेटर माइक ली हे त्यांचे चिरंजीव. २०१० ते २०२२ युटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती असलेले थॉमस ली हे दुसरे. अमेरिकन सामोआचे गव्हर्नर एच. रेक्स ली ही मात्र वेगळी व्यक्ती. तेही मॉर्मनच, म्हणून शोधयंत्रं दोघांची माहिती एकत्र करतात. मधलं आद्याक्षर ‘ई’ आहे ना, ते पाहा.

१७. त्यांचा युक्तिवाद स्वतः ऐकायचा तर?

१९५५ पासूनच्या तोंडी युक्तिवादांची ध्वनिमुद्रणं जपलेली आहेत आणि ‘ओयेझ’ या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. वकिलाच्या नावापेक्षा खटल्याच्या नावाने शोधा. चढ्ढा प्रकरण ४६२ यू. एस. ९१९, ॲक्रन ४६२ यू. एस. ४१६. ‘यू. एस.’ म्हणजे त्या न्यायालयाचा अधिकृत निकालसंग्रह, पहिला आकडा खंडाचा, शेवटचा पानाचा. चढ्ढा प्रकरणाची दोन मुद्रणं सापडतील: फेब्रुवारी १९८२ आणि डिसेंबर १९८२. दुसरं आधी ऐका, मुद्दे तिथे जास्त नेटके झाले आहेत. आधी निकालाचा सारांश वाचून घ्या, नाहीतर मधेच विचारलेले प्रश्न कुठल्या कलमावर आहेत ते कळत नाही. लेखी प्रत समोर ठेवलीत तर उत्तम. ॲक्रनच्या प्रतीत ब्लॅकमन यांचे ते दोन प्रश्न (प्रश्न ८) जसेच्या तसे वाचायला मिळतात.